अर्थशास्त्रज्ञ कूर्नो

पाण्याच्या दोन झऱ्यांवर एखादे शास्त्र उभे राहू शकेल, हे सहसा कोणास खरे वाटणार नाही. परंतु कारखाने, मक्तेदारी व व्यापारातील चढाओढ ह्यांचा विचार करणारी अर्थशास्त्राची जी शाखा आज विद्यापीठांतून शिकविली जाते, तिचा उगम शोधीत मागे गेल्यास आपण अशाच दोन झऱ्यांपाशी येऊन पोहोचतो. ते झरे कागदावरचे होते, व त्यांची कल्पना करणारे गृहस्थ म्हणजे फ्रान्समधील आन्त्वान ऑग्युस्तँ कूर्नो हे होत.

कूर्नो ह्यांचा जन्म २८ ऑगस्ट १८०१ रोजी ग्रे ह्या लहानशा गावी झाला. पंधराव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. पुढे काही वर्षे त्यांनी आपल्या आपणच लाप्लास व लाइब्निट्स ह्यांचे ग्रंथ वाचून काढिले. १८२१ साली पॅरिस येथील एकोल नॉर्माल ह्या प्रसिद्ध विद्यालयात त्यांचा प्रवेश झाला. पण लगेच पुढल्या वर्षी सरकारने ते विद्यालयच बंद केले. तेव्हा सॉरबॉन येथे शिक्षण पुरे करून त्यांनी मार्शल गूव्हियाँ सँ-सीर ह्या सेनानीच्या घरी चिटणीस व मुलाचे शिक्षक म्हणून दहा वर्षे नोकरी केली. फावल्या वेळी गणित चालूच होते. त्यांचे निबंध गणिती प्वासाँ ह्यांच्या नजरेस आले, व त्यांच्याच शिफारशीने १८३४ साली कूर्नो लिऑन येथे प्राध्यापक झाले.

संपत्तिशास्त्रास गणिताची भाषा देणारा त्यांचा ग्रंथ १८३८ साली निघाला. त्यातील झऱ्यांचा विचार आमच्या विद्यार्थ्यांस पाटीवर मांडता येईल. आकडे मात्र सोयीसाठी आम्ही घातले आहेत. औषधी पाणी फुकट दिल्यास रोज १२० घागरी खपतात, व दर एकेका पैशाने वाढविला की एकेक घागर कमी खपते, असे धरू. पाणी काढण्यास खर्च काहीच नाही. झरा एकाच मालकाचा असेल तर तो ६० घागरी ६० पैशांनी विकील. ह्याहून अधिक नफा त्यास कोणत्याही दराने होणार नाही. आता तशाच गुणाचा दुसरा झरा दुसऱ्या मालकाचा निघाला. प्रत्येकजण दुसऱ्याची विक्री पाहून आपली विक्री ठरवू लागला, तर शेवटी दोघेही प्रत्येकी ४० घागरींवर येऊन थांबतात. पाणी ८० घागरी झाले व दर ४० पैशांवर उतरला. मालक तीन झाले तर दर ३० पैसे होतो. मालक वाढत जातील तसतसा दर उतरत जातो.

दोघा मालकांनी संगनमत करून तीस-तीस घागरीच विकल्या, तर प्रत्येकास १६०० ऐवजी १८०० पैसे मिळतील. मग ते तसे का करीत नाहीत? कारण एकाने वचन पाळले असता दुसऱ्याने गुपचूप ४५ घागरी विकल्यास त्यास २०२५ पैसे पडतात. पक्का करार असल्याखेरीज असे संगनमत टिकत नाही, हे कूर्नो ह्यांनी ओळखले होते. हाच विचार जॉन नॅश ह्या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली सर्वसामान्य रूपात सिद्ध केला.

ह्याच ग्रंथात पितळेचेही एक उदाहरण आहे. तांबे एकाच्या ताब्यात व जस्त दुसऱ्याच्या, असे असल्यास पितळ स्वस्त होईल असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात दोन्ही धातू एकाच मक्तेदाराकडे असते त्याहूनही ते महाग पडते. आपल्या दरवाढीने दुसऱ्याचा खप घटतो, ह्याची पर्वा दोघांपैकी कोणीच करीत नाही. घरातील पितळी भांड्यांकडे पाहून पालकांनीही ह्याचा विचार करून पाहावा.

एवढ्या मोलाच्या ग्रंथाचे स्वागत कसे झाले? झालेच नाही. कोणी त्याची दखल घेतली नाही. ग्रेनोब्ल येथे व पुढे १८५४ ते १८६२ पर्यंत दिजाँ येथे त्यांनी रेक्टरचा मोठा हुद्दा सांभाळला. मान मिळाला, पण वाचक मिळाला नाही. त्यातच दृष्टी अधू होत गेली. वाचून दाखविण्यास माणूस ठेविता येत असे; पण बीजगणिताची सूत्रे मोठ्याने वाचून दाखविणारा कोठून आणावा? १८६३ साली त्यांनी तोच विषय गणित वगळून पुन्हा लिहिला. त्याने ग्रंथ सोपा झाला खरा, परंतु त्याचा कणाही गेला असे आम्हांस वाटते. तोही फारसा कोणी वाचला नाही.

१८३८ चा ग्रंथ अखेर एका मित्राच्या कपाटात जिवंत राहिला. एकोल नॉर्मालमधील त्यांचे सहाध्यायी ओग्युस्त वालरा ह्यांच्या संग्रहात तो होता. तेथे तो त्यांच्या मुलाच्या, लेऑन वालरा ह्यांच्या हाती पडला. पुढे स्वतः थोर अर्थशास्त्रज्ञ झालेल्या ह्या लेऑन ह्यांनी १८७३ च्या सुमारास वृद्ध कूर्नो ह्यांस पत्र लिहून त्यांचे ऋण मान्य केले. ३१ मार्च १८७७ रोजी पॅरिस येथे कूर्नो वारले. बर्त्राँ ह्या गणितज्ञाने त्यांच्या झऱ्यांवर कडक टीका केली ती १८८३ साली. मालक विक्रीचे प्रमाण ठरवीत नसून एकमेकांहून दर उतरवितात, असा त्यांचा आक्षेप होता. हा वाद अर्थशास्त्राच्या वर्गांत अद्याप चालतो. मूळ ग्रंथ इंग्रजीत उतरला तो १८९७ साली; तेव्हा त्याच्या कर्त्यास जाऊन वीस वर्षे झाली होती.