विद्यार्थी बाबासाहेब : सातारा ते देहूरोड



स्मरणिका समितीने मला शाळेविषयी काहीतरी लिही, असे सांगितले. शाळेच्या गमतीजमती लिहिणारे या अंकात पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा छान लिहितात. म्हणून मी एका अशा विद्यार्थ्याची गोष्ट सांगायचे ठरवले, जे आपल्या शाळेत शिकले नाहीत, पण ज्यांचे नाव आपल्या देहूरोडशी कायमचे जोडले गेले आहे. ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

आपण सगळी कॅन्टोन्मेंटची मुले. कुणाचे वडील डेपोत, कुणाचे ऑर्डनन्स फॅक्टरीत, कुणाचे बाजारात दुकान. वर्गात मराठीबरोबर तमिळ, तेलुगू, पंजाबी बोलणारी मुले होती. नाताळच्या सुट्टीत २५ डिसेंबरला स्टेशनपासून बुद्धविहारापर्यंतचा रस्ता पांढऱ्या साड्यांनी आणि निळ्या झेंड्यांनी भरून जायचा, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. ही गर्दी कशासाठी, हे मात्र मी दहावी होईपर्यंत नीट विचारलेच नाही. ते समजून घ्यायला मला चाळिशी यावी लागली.

बाबासाहेबांचा जन्मही लष्करी छावणीतलाच. १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथे. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्कराच्या शाळेत मुख्याध्यापक होते. त्या काळी सैनिकांच्या मुलामुलींना लष्करी शाळेत शिक्षण मिळे. ज्या समाजाला बाहेरच्या शाळांची दारे बंद होती, त्या समाजातील एका घरात वाचन-लेखन शिरले ते या छावणीच्या दारातून. रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. साताऱ्यातच आई भीमाबाई गेल्या. त्या वेळी भीमराव लहान होते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीच्या वर्गात त्यांचे नाव दाखल झाले. रजिस्टरमधला क्रमांक १९१४. ते रजिस्टर शाळेने जपून ठेवले आहे आणि २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या वेळी हा दिवस नव्हता, आपल्या मुलांच्या वेळी आहे.

शाळा सरकारी होती, म्हणजे सर्वांची होती. पण नाव दाखल होणे आणि वर्गात सामावले जाणे यांत किती अंतर असते, ते बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. साताऱ्याच्या त्या शालेय दिवसांत त्यांना इतर मुलांत बसता येत नसे. कोपऱ्यात वेगळे बसायचे, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचे आणि रोज परत आणायचे. तहान लागली तर नळाला हात लावता येत नसे. शिक्षकांची परवानगी घ्यायची, मग शिपायाने तोटी फिरवायची आणि तेव्हा पाणी प्यायचे. शिपाई जागेवर नसला तर तहान तशीच घेऊन बसायचे. परवानगी असूनही पाणी नाही, कारण शिपाई नाही. आपल्या शाळेच्या मधल्या सुट्टीत नळावर आपण जी ढकलाढकली करायचो, ती आठवून पाहा. ती ढकलाढकलीसुद्धा त्यांच्या वाट्याला आली नाही.

त्याच शाळेत चांगले शिक्षकही होते, हे बाबासाहेबांनी तितक्याच आवर्जून सांगितले आहे. आंबेडकर नावाचे एक ब्राह्मण गुरुजी मधल्या सुट्टीत त्यांना रोज आपल्यातली भाजी-भाकरी देत. पेंडसे गुरुजींनी एकदा पावसात भिजून आलेल्या या विद्यार्थ्याला आपल्या घरी पाठवले, गरम पाण्याने आंघोळ करायला लावली आणि कोरडे कापड नेसायला दिले. पुढे देशाचे कायदामंत्री झालेल्या माणसाने ही भाकरी आणि हे गरम पाणी आयुष्यभर लक्षात ठेवले. गुरुजनहो, आपण आम्हाला शिकवलेले पुष्कळसे आम्ही विसरलो आहोत, हे खरे. पण अशा गोष्टी आम्हीही विसरलेलो नाही.

१९०१ च्या उन्हाळी सुट्टीत नऊ-दहा वर्षांचे भीमराव भावाबरोबर आणि भाच्याबरोबर वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले, तेव्हा चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. जात कळताच त्यांचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार होईना, मुलांनीच बैल हाकले. डब्यात खायला भरपूर होते, पण वाटेत पाणी कुणी दिले नाही. पाण्यावाचून जेवताही आले नाही आणि मुले उपाशी झोपली. शाळेबाहेरच्या जगाची ही त्यांना झालेली पहिली मोठी ओळख.

पुढे कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत राहायला आले. खोली एकच. स्वयंपाक, झोपणे, पाहुणे, सगळे तिथेच. रामजी मुलाला लवकर झोपवत आणि पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवत. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले की ते लग्न झालेल्या लेकींकडे जात आणि प्रसंगी त्यांचे दागिनेही गहाण टाकत. आधी मराठा हायस्कूल आणि नंतर बोरीबंदरजवळचे सरकारी एल्फिन्स्टन हायस्कूल, अशा शाळा झाल्या. एल्फिन्स्टन हे मुंबईतले नामांकित हायस्कूल. पण एकदा शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून मुलांनी धावत जाऊन ते बाजूला काढले. संस्कृत शिकायची इच्छा होती, तीही पुरी झाली नाही. त्याऐवजी फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वतःच्या बळावर शिकले.

याच दिवसांत त्यांना आणखी एक शिक्षक भेटले. ते त्यांच्या शाळेचे नव्हते. विल्सन हायस्कूलचे कृष्णाजी अर्जुन केळुसकर. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत बसून वाचणारा हा मुलगा केळुसकर गुरुजींच्या नजरेत भरला. त्यांनी चौकशी केली आणि पुस्तके द्यायला सुरुवात केली. शालेय परीक्षेतल्या यशाबद्दल लोकांनी सत्कार केला, तेव्हा गुरुजींनी आपण स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा केळुसकरच त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. दुसऱ्या शाळेतल्या एका विद्यार्थ्यासाठी एका शिक्षकाने हे केले.

यापुढचे चरित्र आपल्याला पुस्तकांतून माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १९१२ ला बी. ए., १९१३ ला न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी पिऊ नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. साताऱ्याच्या नळापासून या माठापर्यंत अठरा वर्षे आणि परदेशातले शिक्षण एवढे अंतर पार झाले होते.

१९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मांडला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये अस्पृश्य मानलेल्यांना खुली असावीत. ठराव मंजूर झाला, पण तो कागदावरच राहिला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, तरी तिथले पाणी घ्यायची कुणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. आपण इतिहासाच्या तासाला हा सत्याग्रह दोन मार्कांसाठी पाठ केला. नळाची तोटी फिरवायला शिपायाची वाट पाहणारा मुलगा आणि तळ्यावर उभा असलेला हा नेता एकच आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते.

शाळेतले दिवस ते विसरले नाहीत, हे त्यांच्या कामात जागोजागी दिसते. १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते. सरकारी किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणाने कुणाचाही प्रवेश नाकारता येणार नाही, असे कलम २९ मध्ये आहे. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली, तेव्हा वयाची मर्यादा चौदा वर्षेच राहावी, असा त्यांचा आग्रह होता. कारण चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात राबवायचे नाही असे ठरवले, तर ते मूल शाळेतच असले पाहिजे. आपल्या वर्गात इतक्या भाषांची आणि इतक्या घरांची मुले एकत्र बसत होती, त्यामागे ही कलमेही होती.

आणि मग आपले देहूरोड. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. परत आल्यावर २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी आपल्या गावातल्या विहारात, हजारो लोकांसमोर, बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. प्रकृती खालावलेली होती. बुद्धांच्या शिकवणुकीवर सोप्या भाषेत आपण ग्रंथ लिहीत आहोत, हेही त्यांनी इथेच सांगितले. शाळकरी वयात केळुसकर गुरुजींनी हातात दिलेले ते चरित्र सुमारे पन्नास वर्षांनी असे फळाला आले. ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी त्या भेटीचा उल्लेख केला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता एक गोष्ट माझी. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण विहाराजवळ राहायची. २५ डिसेंबरला तिचे घर गावोगावच्या पाहुण्यांनी भरायचे. ती दरवर्षी मला बोलवायची. गर्दी असते, या घरच्या कारणावर मी एकदाही गेले नाही. दहावीच्या वर्षी ती गणिताच्या अभ्यासाला आमच्याकडे यायची. आमच्या मांडणीवर तिच्यासाठी एक वेगळा पेला होता. मला तो माहीत होता. तिलाही माहीत असणार, कारण थोड्याच दिवसांत ती येताना पाण्याची बाटली आणू लागली. दोघी त्याविषयी कधीच बोललो नाही. वर्गात मात्र आम्ही एकाच डब्यातून जेवत होतो.

मागच्या २५ डिसेंबरला मी तिला फोन केला आणि तिच्याबरोबर विहारात गेले. तिथून तिच्या घरी गेलो. मी पेल्याची गोष्ट काढली. तिने ऐकून घेतले, मग म्हणाली की तिला तो पेला चांगला आठवतो, त्याच्या कडेला चीर होती. यापुढे ती काही बोलली नाही. तिच्या आईने पाणी दिले, चहा दिला. हे इथे लिहू का, असे मी तिला विचारले आणि तिने हो म्हटल्यावरच लिहिले आहे.

स्नेहसंमेलनानिमित्त आपली बॅच शाळेला पाण्याचा कूलर देणार आहे. त्यावर देणगीदारांची नावे असावीत का, यावर ग्रुपवर बरीच चर्चा झाली. माझे मत असे, की नावे नकोत. आणि जमले तर तो ७ नोव्हेंबरला, विद्यार्थी दिवशी सुरू करावा. तोट्या जरा खाली बसवायला सांगू, म्हणजे पाचवीतल्या मुलांचेही हात पोहोचतील.