सागराची नोंदवही

समुद्राच्या काठी उभे राहिले म्हणजे पाण्याचा अथांग पसारा तेवढा आपल्या दृष्टीस पडतो. त्या पाण्यात मासे आहेत, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्या माशांचे पोषण कशावर होते, हा प्रश्न फारच थोड्यांना सुचतो. जमिनीवर गवत उगवते, गवतावर हरिण जगते आणि हरणावर वाघ जगतो. समुद्रातही अशीच रचना आहे. तेथील गवत म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या व नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. त्या सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात. त्यांवर चिमुकले प्राणी जगतात, त्या प्राण्यांवर मासे आणि माशांवर पक्षी व माणसे. प्रवाह नेईल तिकडे वाहत जाणाऱ्या ह्या सूक्ष्म जीवसृष्टीला प्लवक असे म्हणतात. पृथ्वीवर वनस्पती जेवढे अन्न निर्माण करतात, त्यांपैकी जवळजवळ निम्मे ह्या तरंगत्या वनस्पतींचे असते. ह्या अदृश्य कुरणाची वर्षानुवर्षे नोंद ठेवण्याची युक्ती ज्यांनी शोधून काढली, ते थोर शास्त्रज्ञ म्हणजे सर ॲलिस्टर हार्डी.

ॲलिस्टर हार्डी ह्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८९६ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम ह्या शहरी झाला. त्यांचे वडील वास्तुशिल्पी होते. ॲलिस्टरला लहानपणापासून किडे, फुलपाखरे आणि पाणवनस्पती ह्यांचे वेड होते. चित्रकलेचीही त्याला उत्तम जाण होती. १९१४ साली तो ऑक्सफर्डच्या विद्यापीठात दाखल झाला. पण त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि शिक्षण अर्धवट टाकून तो सैन्यात गेला. तेथे त्याच्या चित्रकलेचा उपयोग झाला. तोफा व वाहने शत्रूच्या नजरेस पडू नयेत म्हणून ती रंगांनी कशी लपवावी, ह्याचे शिक्षण त्याला देण्यात आले. युद्ध संपल्यावर तो ऑक्सफर्डला परतला व प्राणिशास्त्राचा अभ्यास त्याने पुरा केला.

१९२१ साली हार्डी ह्यांना इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लोस्टॉफ्ट येथे, सरकारच्या मत्स्यसंशोधन शाळेत काम मिळाले. हे गाव हेरिंग नावाच्या माशाच्या व्यापाराबद्दल प्रसिद्ध होते. आपल्याकडील तारलीसारखाच हा थव्याने हिंडणारा चंदेरी मासा. शेकडो गलबते रात्री समुद्रात जाळी सोडीत. कधी जाळी माशांनी ओथंबून येत, तर कधी रिकामी परतत. एका रात्रीच्या रिकाम्या जाळ्याचा अर्थ कोळ्याच्या घरी दारिद्र्य असा होई. हेरिंग कोठे जातो आणि का जातो, हे कोणासच नीट सांगता येत नव्हते.

हार्डी ह्यांनी ह्या प्रश्नाचे उत्तर माशाच्या पोटात शोधले. अगदी लहान पिल्लापासून पूर्ण वाढलेल्या माशापर्यंत, निरनिराळ्या वयाचे असंख्य हेरिंग मासे त्यांनी चिरून तपासले. वयाबरोबर माशाचे अन्न कसे बदलते आणि कोणता जीव कोणाला खातो, ह्याचा एक तक्ता त्यांनी तयार केला. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या तक्त्यात एका माशाभोवती विणलेले अन्नाचे संपूर्ण जाळे दिसून आले. पूर्ण वाढलेल्या हेरिंगचे एक मुख्य खाद्य म्हणजे कॅलॅनस नावाचा, तांदळाच्या दाण्याएवढा कवचधारी प्राणी, हेही त्यातून स्पष्ट झाले.

त्यानंतर हार्डी ह्यांच्यापुढे फार मोठी संधी चालून आली. दक्षिण महासागरात त्या काळी देवमाशांची बेसुमार शिकार चालू होती. ही शिकार अशीच चालली तर देवमासे नाहीसे होतील, अशी भीती जाणत्या लोकांना वाटू लागली. म्हणून त्यांच्या जीवनाचा व अन्नाचा अभ्यास करण्यासाठी डिस्कव्हरी ह्या जहाजातून एक मोहीम निघाली. कॅप्टन स्कॉट ज्यातून प्रथम दक्षिण ध्रुवप्रदेशाकडे गेले होते, तेच हे जहाज. १९२५ ते १९२७ ह्या काळात हार्डी ह्या मोहिमेचे प्रमुख प्राणिशास्त्रज्ञ होते. बर्फाळ वारे आणि उसळत्या लाटा ह्यांत त्यांनी काम केले. जगातील सर्वांत मोठा प्राणी, म्हणजे निळा देवमासा, बोटभर लांबीच्या क्रिल नावाच्या प्राण्यावर जगतो आणि क्रिल सूक्ष्म वनस्पतींवर जगतो, ही साखळी त्यांनी जवळून पाहिली.

परंतु एक अडचण त्यांना सतत भेडसावीत होती. प्लवक समुद्रात सर्वत्र सारखे पसरलेले नसते. आकाशात ढगांचे पुंजके असावेत तसे त्याचे पुंजके असतात. जहाज थांबवून एका ठिकाणी जाळे टाकले तर तेथे कदाचित प्लवक दाट सापडेल आणि थोड्याच अंतरावर काहीच सापडणार नाही. मग एवढ्या विस्तीर्ण सागराची खरी स्थिती कशी कळावी? जहाज चालत असतानाच अखंड नमुना घेणारे यंत्र हवे, असे हार्डी ह्यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी ते घडविले.

ह्या यंत्राची रचना अत्यंत साधी आहे. माशाच्या आकाराचे हे यंत्र तारेने जहाजाच्या मागे बांधून पृष्ठभागाखाली काही मीटर खोलीवरून ओढले जाते. त्याच्या पुढील लहानशा छिद्रातून पाणी आत शिरते आणि रेशमी कापडाच्या लांब पट्टीतून गाळले जाते. पाण्याच्या जोराने एक पंखा फिरतो व तो ही पट्टी सावकाश पुढे सरकवितो. पट्टीवर अडकलेल्या जीवांवर दुसरी रेशमी पट्टी बसते आणि दोन्हींची गुंडाळी औषधी द्रवात जाऊन पडते. प्रवास संपल्यावर ती गुंडाळी उलगडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली म्हणजे कोणत्या मैलावर कोणते जीव होते, हे क्रमाने वाचता येते. जणू सागराने आपल्या हाताने लिहिलेली नोंदवहीच ती.

१९२८ साली हार्डी हल येथील नव्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी यंत्राचा आकार लहान केला. संशोधनासाठी स्वतंत्र जहाजे फिरविणे अतिशय खर्चाचे होते. परंतु मालवाहू जहाजे तर रोजच ये-जा करीत होती. त्यांचे खलाशीही हे यंत्र समुद्रात सोडू शकतील, असे हार्डी ह्यांनी ताडले. १९३१ साली उत्तर समुद्रातील एका व्यापारी जहाजामागे ते प्रथम बांधण्यात आले. कोळ्यांसाठीही त्यांनी एक छोटे साधन तयार केले. जाळे टाकण्यापूर्वी ते पाण्यातून ओढले म्हणजे त्यातील रेशमी चकतीवर कॅलॅनस पुष्कळ आहे की नाही ते दिसे. जेथे कॅलॅनस विपुल, तेथे हेरिंग मिळण्याचा संभव अधिक, असे अनुभवास आले.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू होताच हे काम बंद पडले. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, ते पुन्हा चालू झाले. त्याच वर्षी हार्डी ऑक्सफर्डला प्राध्यापक म्हणून गेले. १९५६ व १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या, सागरावरील आपल्या ग्रंथाच्या दोन भागांत त्यांनी स्वतः काढलेली सुंदर रंगीत चित्रे घातली. १९५७ साली त्यांना सर हा किताब मिळाला. उतारवयात त्यांनी माणसांच्या धर्मविषयक अनुभवांचा अभ्यास करणारी एक संस्थाही काढली. २२ मे १९८५ रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

पुढे काही वर्षांतच हे सर्वेक्षण पैशाअभावी बंद पडण्याची वेळ आली. त्याच त्या मोजण्या वर्षानुवर्षे करून काय साधणार, असे पुष्कळांना वाटत असे. तेव्हा ते वाचविण्यासाठी १९९० साली हार्डी ह्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली व काम टिकले. ते टिकले म्हणूनच जगाला एक मोठे सत्य उमगले. १९६० पासूनच्या चाळीस वर्षांच्या नोंदी ताडून पाहता, समुद्राचे पाणी तापत असल्यामुळे ईशान्य अटलांटिकमधील उष्णताप्रिय प्राणी-प्लवक सुमारे १० अक्षांश उत्तरेकडे सरकल्याचे आढळले. थंड पाण्यातील कॅलॅनस मागे हटला व त्याची उबदार पाण्यात राहणारी भाऊबंद जात त्याच्या जागी आली. पहिली जात वसंतऋतूत विपुल असते, तर दुसरी उन्हाळ्याच्या अखेरीस. कॉड माशाची पिल्ले मात्र वसंतातच जन्मतात. त्यांना भूक असते त्या वेळी अन्न नसते. आधीच अतिमासेमारीने घटलेल्या कॉडला हा दुसरा आघात बसला.

१९९९ साली पॅसिफिक महासागरातील एक सूक्ष्म वनस्पती सुमारे ८ लाख वर्षांनी अटलांटिकमध्ये पुन्हा आढळली. उत्तर ध्रुवाकडील बर्फ वितळून वाट मोकळी झाल्याची ती खूण होय, असे संशोधकांचे मत आहे. जपून ठेवलेल्या जुन्या रेशमी पट्ट्या २००४ साली पुन्हा तपासल्या, तेव्हा त्यांत प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू काळाच्या ओघात वाढलेले दिसले. पट्टी गुंडाळणाऱ्यांच्या स्वप्नातही हा प्रश्न नव्हता.

आजवर ही यंत्रे ६० लाखांहून अधिक सागरी मैल ओढली गेली आहेत आणि हे काम इंग्लंडमधील प्लिमथ येथून अद्याप चालू आहे. हार्डी हेरिंगचा शोध घेण्यास निघाले होते. समुद्र तापेल व बदलेल, ह्याची कल्पना तेव्हा फारशी कोणाला नव्हती. परंतु त्यांनी प्रामाणिकपणे नोंद ठेवण्याची रीत घालून दिली आणि ज्यांची नावे कोणास माहीत नाहीत अशा असंख्य खलाशांनी ती पाळली. कालची नोंद असेल तरच आजचा बदल ओळखता येतो. लहानशा कामात सातत्य राखले तर त्याचे मोल पुढील पिढ्यांना कळते, हेच ह्या थोर शास्त्रज्ञाच्या चरित्रावरून आपण शिकावयाचे आहे.