वारूळ, नाणी आणि एक न सुटलेले गणित

आमच्या आरोंद्यात सातेरी-भद्रकालीचे देऊळ आहे. सातेरी मूळची वारुळाची देवी, हे तळकोकणात कुणाला सांगावे लागत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवत असताना एका मुलाने मला विचारले होते, की गुरुजी, इलेक्ट्रॉन तुम्ही पाहिलेला नाही आणि वारुळातली देवीही नाही. मग एकीला श्रद्धा आणि दुसऱ्याला विज्ञान का म्हणायचे? मी त्याला दटावून खाली बसवले. उत्तर माझ्यापाशी नव्हते. दामोदर धर्मानंद कोसंबी वाचायला घेतले ते पुढे या प्रश्नापायीच.

तेरेखोल नदीच्या पलीकडे गोवा. त्याच गोव्यात ३१ जुलै १९०७ रोजी कोसंबींचा जन्म झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे नामांकित पंडित. त्यांच्याबरोबर मुलगा लहानपणीच अमेरिकेला गेला आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन परतला. बनारस, अलीगढ, फर्ग्युसन कॉलेज आणि १९४५ पासून मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, असा नोकरीचा प्रवास झाला. डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई करणारा हा गणिती सुटीच्या दिवशी वेताळ, म्हसोबा आणि तिठ्यांवरच्या आया शोधत पुण्याभोवतीचे डोंगर पालथे घाली. देवीला तो हसला नाही आणि तिच्यापुढे नवसही बोलला नाही. ही ठाणी फार जुन्या माणसांच्या वाटांवर टिकून असावीत, असे त्याने गृहीत धरले आणि मग त्या वाटांवर अश्मयुगीन दगडी हत्यारांचे कपचे धुंडाळले. ते सापडलेही.

नाण्यांचे प्रकरण तर मला सर्वांत आवडते. तक्षशिलेला सापडलेल्या आहत नाण्यांवर ना राजाचे नाव, ना साल. कोसंबींनी मानले, की एका टाकसाळीची नाणी जवळजवळ सारख्या वजनाची निघाली आणि हातोहात फिरताना झिजली. म्हणजे सरासरी वजन जितके कमी तितके नाणे जुने. पण दोन हजार वर्षांपूर्वी असेच घडले, हे सांगणार कोण? त्यांनी चलनातली आपल्या काळातली नाणी तराजूत घातली. त्यांची साले ठाऊक होती, त्यामुळे झीज आणि काळ यांचा मेळ तपासता आला. मगच ते प्राचीन नाण्यांकडे वळले.

तरीही तो मुलगा अगदीच चूक नव्हता. आज चांदी जशी झिजते तशीच ती तेव्हाही झिजत होती, हे कोणत्या तराजूने सिद्ध करणार? निसर्ग उद्याही कालच्यासारखाच वागेल याचा पुरावा देऊ गेले, की तो पुरावा त्याच विश्वासावर उभा राहतो. अठराव्या शतकात ह्यूमने ही अडचण दाखवली. ती अजून तिथेच आहे.

आणि खुद्द कोसंबींना एक गृहीतक फार महाग पडले. मूळ संख्यांविषयीचा रीमानचा सिद्धांत १८५९ पासून सिद्धतेवाचून पडला आहे. १९५९ मध्ये कोसंबींनी संभाव्यतेच्या वाटेने त्याची सिद्धता दिल्याचा दावा केला, तोही कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात! गणितज्ञांनी तो मानला नाही. मूळ संख्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वागतात असे मानता येते, पण तसे मानणे म्हणजे सिद्धता नव्हे. कोसंबींच्या गणिती नावलौकिकाला धक्का बसला. १९६२ मध्ये टाटा संस्थेशी संबंध संपला, २९ जून १९६६ रोजी पुण्यात निधन झाले. इतरांच्या दैवतकथा निर्विकारपणे उलगडणाऱ्या या माणसाचा जीव आपल्याच एका कल्पनेत अडकला, असे मला वाटते. गणिताने मात्र त्यांची भीड ठेवली नाही.

उलट अनुवंशशास्त्रातले त्यांचे १९४४ चे सूत्र आजही वापरात आहे. गुणसूत्रावरच्या जनुकांमधले अंतर त्यावरून काढतात. त्यातले गृहीतक तंतोतंत खरे नाही, हे वापरणारे जाणतात, आणि जिथे ते जुळत नाही तिथे दुसरे सूत्र घेतात.

तो मुलगा पुन्हा भेटला तर मी नाण्यांपासून सुरुवात करीन. रीमानची हकीकतही त्याला सांगीन. ह्यूमपाशी आलो, की त्याने पुन्हा उभे राहून विचारावे.