जस्टिस बद्रुद्दीन तय्यबजी : शाळा आणि मैदान



मुलगा दहावीत गेला की त्याचे मैदान बंद करायचे, असा आपल्याकडे बहुतेक घरांत रिवाज पडला आहे. मुलीचे मैदान तर त्याच्याही कितीतरी आधी बंद होते. तालीम आणि खेळ यांचा जणू उभा दावा आहे, असे आपण धरून चालतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणांस एका अशा थोर पुरुषाची ओळख करून द्यावीशी वाटते, की ज्याने आपल्या समाजासाठी शाळाही उभी केली आणि मैदानही मिळवून दिले. ते म्हणजे मर्हूम जस्टिस बद्रुद्दीन तय्यबजी.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा व्यापारी कुटुंबात झाला. वडील तय्यबअली हे काळाची पावले ओळखणारे गृहस्थ होते. इंग्रजी शिकले की मुलगा दीन विसरतो, अशी भीती त्या काळी घरोघरी होती. अशा दिवसांत त्यांनी आपल्या मुलांना परदेशी शिकायला पाठविले. बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू व फारसी शिकले, मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले आणि १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, इंग्लंडला रवाना झाले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या हुशार मुलाच्या वाटेत परीक्षा आडवी आली नाही, आडवी आली ती प्रकृती. डोळ्यांच्या दुखण्याने त्यांना बेजार केले. बॅरिस्टरीचा अभ्यास अर्धवट टाकून १८६४ अखेर त्यांना मुंबईस परतावे लागले. सुमारे एक वर्ष असेच गेले. दुसरा कोणी असता तर वडिलांच्या पेढीवर बसला असता. बद्रुद्दीन पुन्हा बोटीत बसले आणि एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत. पुढेही प्रकृतीने त्यांना अनेकदा दगा दिला. १८८६ साली कायदे कौन्सिलचे सभासदत्व त्यांनी सोडले, तेही प्रकृतीच्याच कारणाने.

त्या वेळची आपल्या समाजाची अवस्था कशी होती? मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याचे पहिले मुस्लिम एम. ए. रहिमतुल्ला सयानी यांना ती पदवी १८६८ साली मिळाली. बाकी सारा अंधार. हे पाहून १८७४ साली बद्रुद्दीन, त्यांचे वडील बंधू कमरुद्दीन आणि इतर काही कळकळीच्या मंडळींनी अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था काढली. तिची शाळा १८८० साली सुरू झाली ती तीन शिक्षक आणि १२० विद्यार्थ्यांनिशी. उर्दू व दीनी तालमीच्या जोडीला इंग्रजी, असा शाळेचा बेत होता. लोक वर्गणी देत तसे नावेही ठेवीत. बद्रुद्दीन यांनी दोन्ही सोसले. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन आले, तेव्हा मुसलमान मुलांच्या अडचणी त्यांनीच कमिशनपुढे मांडल्या.

१८९३ साली शाळा स्वतःच्या इमारतीत गेली. आपण मुंबईस गेलात तर बोरीबंदर स्टेशनातून बाहेर पडताच समोर घुमटांची जी सुंदर दगडी वास्तू दिसते, तीच ही शाळा. आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल, पण ती शाळा आहे हे ठाऊक नसेल. दिलीपकुमार याच शाळेचे विद्यार्थी.

आता मैदानाकडे वळू. त्या काळी मुंबईत हिंदी पोरे एस्प्लनेडच्या मोकळ्या पटांगणावर क्रिकेट खेळत आणि गोऱ्या साहेबांचे पोलोचे घोडे ते पटांगण तुडवून टाकीत. खेळायचे तर स्वतःची जागा हवी, हे पारशी मंडळींनी प्रथम ओळखले व जिमखाना काढला. क्रिकेटचे मोठे शौकीन लॉर्ड हॅरिस गव्हर्नर असताना समुद्रकाठी हिंदूंना व मुसलमानांनाही जागा मिळाल्या. इस्लाम जिमखाना उभा राहिला तो याच सुमारास, आणि त्यामागची मुख्य खटपट बद्रुद्दीन यांचीच होती. हायकोर्टातला एवढा नामांकित बॅरिस्टर पोरांच्या चेंडूफळीसाठी कशाला वेळ घालवील, असे आपणांस वाटेल. त्यांनी घातला. मला तर वाटते, दुखऱ्या डोळ्यांनी आणि नाजूक प्रकृतीने ज्याची उमेदीची वर्षे खाल्ली, त्याला अंगातल्या ताकदीचे मोल पुस्तकातून शिकावे लागले नसेल.

त्यांच्या इतर कार्याबद्दल थोडक्यात सांगतो. १८८७ साली मद्रास येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १८९५ साली ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा आधी नाकारला गेलेला जामीन न्या. तय्यबजींनी दिला. (टिळकांनीही कॉलेजचे पहिले वर्ष आखाड्यात घालविले होते, हे पालकांनी विसरू नये!) १९०२ साली त्यांनी हंगामी मुख्य न्यायाधीशाचे काम पाहिले. त्या आसनावर बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ.

आणि मुलींचे काय? पडद्याच्या अतिरेकाला त्यांचा विरोध होता. नुसते भाषण देऊन ते थांबले नाहीत. आपल्या मुलींना त्यांनी शाळेत घातले, आणि १९०४ साली दोघींना इंग्लंडमधील हेझलमियर येथील निवासी शाळेत पाठविले. आज मुलीला तालुक्याच्या गावी शिकायला पाठविताना आपण दहा वेळा विचार करतो. तो काळ सव्वाशे वर्षांपूर्वीचा होता.

ऑगस्ट १९०६ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे, १९१२ साली, मुंबईच्या प्रसिद्ध क्रिकेट सामन्यांत युरोपियन, पारशी व हिंदू संघांच्या जोडीला मुसलमानांचा संघ प्रथमच उतरला. तो दिवस पाहायला ते नव्हते.

अंजुमनच्या शाळेत पुढे बस ड्रायव्हरचा एक मुलगा शिकत होता. पंधराव्या वर्षी शालेय सामन्यात त्याने एकाच डावात चारशेचा टप्पा गाठला. हा वसीम जाफर. २००० साली तो भारताकडून खेळला, एकूण ३१ कसोटी सामने खेळला, आणि कारकिर्दीच्या उतरणीला आपल्या विदर्भाच्या संघात आला. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूर येथे दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, त्या सामन्यातील विजयाचा शेवटचा फटका त्याच्याच बॅटीचा होता.