भास्कराचार्य आणि कापडाचा चेंडू

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा अध्यक्षबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; तरी भीतभीत एका थोर पुरुषाची ओळख करून देते.

धाकट्या मुलीसाठी मी कापडाचा चेंडू शिवायला घेतला. सपाट तुकडा गुंडाळला, तर चुण्याच चुण्या! कापड नीट का बसत नाही, असे तिने विचारले. मला उत्तर देता येईना. मनाला फार लागले. शेवटी कळ्या कापून जोडल्या, तेव्हा चेंडू साधला. पुढे वाचनात आले, की हाच विचार भास्कराचार्यांनी आठशे वर्षांपूर्वी केला होता.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. गाव सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलविड. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ पुरा केला.

आवळ्यावर जशा फाकी दिसतात, तशा त्यांनी गोलाच्या पाठीवर कल्पिल्या. फाक अरुंद घेतली, की ती जवळजवळ सपाटच होते. सर्व फाकींची मापे मिळवून त्यांनी दाखवले, की परिघाला व्यासाने गुणले म्हणजे गोलाच्या पाठीचे क्षेत्रफळ येते. सात बोटे व्यासाच्या चेंडूचा परीघ सुमारे २२ बोटे. म्हणून शिवणीखेरीज कापड १५४ चौरस बोटे. त्यांच्या पूर्वीच्या लल्लाचार्यांच्या रीतीने हेच ८४७ येते! एवढ्या मोठ्या पंडिताची चूक त्यांनी न भिता दाखवून दिली.

पृथ्वी गोल, मग आपल्याला सपाट का दिसते? तेही त्यांनी सांगितले. मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो. पृथ्वी अफाट, माणूस इवलासा. सुरगाण्यात डोंगरांमुळे सपाटी तरी कुठे दिसते म्हणा!

त्यांच्या 'लीलावती'तील कित्येक उदाहरणे एका मुलीला उद्देशून घातली आहेत. ती त्यांची कन्या, अशी आख्यायिका आहे. गणित बायकांचे काम नव्हे, असे ऐकतच मी शाळा सोडली. तेव्हा ही गोष्ट कोणी सांगितली असती तर!

त्यांचे नातू चांगदेव यांनी या ग्रंथांच्या अध्ययनासाठी जळगाव जिल्ह्यातील पाटण येथे मठ स्थापला. तसा शिलालेख तेथे आहे.

भगिनींनो, मुलीने गणितातले काही विचारले, तर तिला गप्प बसवू नका. येत नसेल, तर तिच्याबरोबर शिकायला बसा. मी बसले आहे.