ज्या राज्याला निजामाच्या तावडीतून सोडवलं, त्याच राज्याचे तीन तुकडे करा म्हणणारा संन्यासी

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात उमापूर नावाचं गाव आहे. इथून गाडी काढून पश्चिमेला निघालात की बोधेगाव लागतं, पुढे शेवगाव. मध्ये कुठेतरी बीड जिल्हा संपतो आणि नगर जिल्हा सुरू होतो. पाटी दिसली तर दिसली, नाहीतर कळतही नाही.

पण १९४८ च्या आधी याच पट्ट्यातून दोन राज्यांची सरहद्द जात होती. शेवगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होतं, तर उमापूर आणि अख्खा बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिकडे इंग्रजी रुपया चालायचा आणि इकडे निजामाचा हाली सिक्का. सरहद्दीवर माल नेला की जकात, तिला करोडगिरी म्हणत. माती तीच, ज्वारी तीच, बोली तीच, सोयरिकीही दोन्हीकडे. मात्र पोराला वरच्या वर्गात शिकवायचं म्हटलं की इकडे उर्दू आडवी यायची.

ही रेघ पुसली गेली त्यामागे एका भगव्या कपड्यातल्या माणसाचा मोठा वाटा होता. त्यांचं नाव स्वामी रामानंद तीर्थ.

नाव वाचून मठ, प्रवचनं असलं काही डोळ्यासमोर आलं असेल तर थांबा. स्वामीजींचं मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. म्हणजे मराठी आणि कानडी जिथे एकमेकांत मिसळतात तो मुलूख. सोलापूर, अमळनेर, पुणे असं शिक्षण झालं. मग कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलं. आणि १९२९ च्या सुमारास हा तरुण उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तर म्हणून आला.

तिथेच १४ जानेवारी १९३२ ला संन्यास घेतला. लोक संन्यास घेऊन संसारातून बाहेर पडतात, हे उलट राजकारणात शिरले. पुढचा मुक्काम आपल्या बीड जिल्ह्यातलं अंबाजोगाई. तेव्हा त्याचं सरकारी नाव मोमिनाबाद. तिथल्या योगेश्वरी नूतन विद्यालयाची जबाबदारी त्यांनी घेतली. वरचं शिक्षण आपल्या भाषेत देणाऱ्या शाळा तेव्हा संस्थानात बोटावर मोजण्याइतक्या होत्या, त्यामुळे तिथे मास्तरकी करणं हेच अर्धं राजकारण होतं.

आता हैदराबाद संस्थान म्हणजे नेमकं काय होतं ते बघा. एकूण १६ जिल्हे. ८ तेलुगू भाषिक, ५ मराठी (औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद) आणि ३ कानडी (गुलबर्गा, बीदर, रायचूर). राज्यकारभार उर्दूत. १९१८ ला सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. जमिनीचा मोठा हिस्सा जहागीरदारांकडे आणि खुद्द निजामाच्या सर्फ-ए-खासमध्ये. एकाच राज्यात राहून वरंगळचा शेतकरी आणि गेवराईचा शेतकरी एकमेकांशी बोलू शकत नव्हते, आणि दोघांनाही तहसीलातला कागद वाचता येत नव्हता.

उघड राजकारणाला मुभा नव्हती. म्हणून लोकांनी भाषेप्रमाणे तीन चुली मांडल्या होत्या : आंध्र महासभा, कर्नाटक परिषद आणि महाराष्ट्र परिषद. स्वामीजी महाराष्ट्र परिषदेतून पुढे आले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं, तर निजाम सरकारने ती स्थापन होण्याआधीच बंदी घातली. सत्याग्रह झाला, स्वामीजी तुरुंगात गेले. पुढची दहा वर्षं आत-बाहेर चालूच राहिलं. १९४६ ला बंदी उठली आणि संघटनेची धुरा त्यांच्याकडे आली. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वातंत्र्य साजरं करत होता आणि हैदराबादेत तिरंगा लावला म्हणून स्वामीजी अटकेत होते. त्यानंतर रझाकारांचा काळ, १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झालेली पोलिस कारवाई आणि १७ सप्टेंबरला निजामाची शरणागती. हा भाग शाळेत शिकवतात, म्हणून इथे लांबवत नाही.

कमी सांगितली जाते ती पुढची गोष्ट.

राज्य मुक्त झालं होतं. स्वामीजी तिथल्या काँग्रेसचे सर्वात मोठे नेते. १९५२ ला गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले. एवढं मोठं राज्य, तिन्ही भाषांत चाहते. साध्या पुढाऱ्याने काय केलं असतं? राज्य सांभाळलं असतं. स्वामीजी मात्र म्हणत होते की हैदराबाद राज्य ठेवूच नका. तेलुगू भाग आंध्राला, कानडी भाग कर्नाटकाला आणि मराठवाडा महाराष्ट्राला द्या.

पंडित नेहरूंना हे पटत नव्हतं. अनेक भाषांची माणसं एकत्र नांदतात असं हे राज्य मोडू नये, असं त्यांचं मत होतं. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण स्वामीजींचा हिशोब खालून सुरू होत होता. निजामाने हे तीन मुलूख आपल्या सोयीने एकत्र बांधले होते. राजा गेला तरी ती बांधणी राहिली तर जहागीरदारी वळणाचा कारभारही राहील, आणि लोकांच्या भाषेत कोर्ट, कचेरी, कॉलेज येणार नाही.

शेवटी १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्य नकाशावरून गेलं. मराठवाडा मुंबई राज्यात आला. बीदर जिल्हा तर मधोमध चिरला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग इकडे आला आणि बीदर शहर तिकडे राहिलं. स्वामीजींचा स्वतःचा गुलबर्गा मतदारसंघ म्हैसूर राज्यात गेला. मग १९५७ ला ते औरंगाबादमधून उभे राहिले आणि निवडून आले.

१९५८ ला औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी इथल्या पोरांची पदवी हैदराबादच्या उस्मानियाची असायची. एवढ्या एका गोष्टीवरूनही स्वामीजींचा मुद्दा कळतो.

पण नकाशा बदलला म्हणून पाऊस बदलत नाही. बीड जिल्ह्याच्या उत्तरेला गोदावरी, मध्ये बालाघाटाचे डोंगर आणि वर पर्जन्यछायेचा शाप. नदीकाठ सोडला की पाण्याचे वांधे. जायकवाडी धरणाचं नाव ज्या गावावरून पडलं ते गाव बीड जिल्ह्यातलं, धरण मात्र वर पैठणला झालं. १९६५ ला पायाभरणी आणि १९७६ ला उद्घाटन. उजव्या कालव्याने गेवराईच्या काही शिवारात पाणी आलं, आणि बाकीचे लोक आजही दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मराठवाड्याला झुकतं माप द्यायचं आश्वासन १९५३ च्या नागपूर करारातच होतं. अनुशेषाच्या नावाने भांडण अजून चालू आहे.

स्वामीजींनी ते धरण पूर्ण झालेलं पाहिलं नाही. २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत त्यांचं निधन झालं. राज्य मोडा म्हणून भांडलेला हा माणूस शेवटपर्यंत त्याच शहरात राहिला. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आणि नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

आणि ती इंग्रज-निजामाची जुनी सरहद्द ओलांडून नगरहून बीड शहरात पहिली रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. मुक्तिदिनालाच, फक्त ७७ वर्षांनी.