टर्बोवाली गाडी ऑइल का पिते? उत्तर दडलंय टर्बोच्या बापाच्या गोष्टीत

घाट चढताना गाडी मस्त खेचते. ओव्हरटेक करायला पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. इंजिन छोटं आणि ताकद मात्र दांडगी, ही सगळी टर्बोची कृपा.

मग काही वर्षांनी एके दिवशी सायलेन्सरमधून निळसर धूर दिसतो. डिपस्टिक काढून बघावी तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. गाडीखाली एक थेंब सांडलेला नाही आणि सर्व्हिसिंगला अजून बराच वेळ आहे. मग ऑइल गेलं कुठं? गॅरेजमध्ये उत्तर मिळतं, टर्बो गेला, नवीन टाका. खर्चाचा आकडा ऐकून घाम फुटतो.

नवीन टर्बो टाकतातही. पण कधी कधी तोसुद्धा थोड्याच दिवसांत ऑइल प्यायला लागतो. असं का होतं हे समजून घ्यायचं असेल, तर टर्बो ज्याच्या डोक्यातून निघाला त्या माणसाची गोष्ट माहीत पाहिजे. त्याचं नाव आल्फ्रेड ब्युखी.

स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या जवळ विंटरथूर नावाचं शहर आहे. ११ जुलै १८७९ ला ब्युखीचा जन्म इथलाच. तेव्हाचं विंटरथूर म्हणजे कारखान्यांचं गाव. सुल्झर ही वाफेची इंजिनं बनवणारी बडी कंपनी इथेच होती आणि ब्युखीचे वडील याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते.

योगायोग बघा. ज्या वर्षी ब्युखी जन्मला, त्याच वर्षी एक तरुण जर्मन इंजिनिअर सुल्झरच्या कारखान्यात हात काळे करून काम शिकत होता. त्याचं नाव रुडॉल्फ डिझेल. पुढे डिझेलने आपलं इंजिन बनवलं आणि १८९८ मध्ये सुल्झरनेही पहिलं डिझेल इंजिन तयार केलं. म्हणजे ब्युखी शाळा-कॉलेजच्या वयात असताना त्याच्या गावात जगातलं सगळ्यात नवं इंजिन धडधडत होतं.

१८९९ मध्ये ब्युखीने झुरिकच्या नामांकित पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश घेतला. आज ही संस्था ईटीएच झुरिक म्हणून ओळखली जाते. १९०३ मध्ये तो मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडला आणि नोकरीसाठी बेल्जियम आणि इंग्लंडला गेला.

त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. इंजिनात इंधन जळतं, पण त्यातली थोडीच उष्णता कामाला येते. साधारण हिशोब धरला तर एक तृतीयांश उष्णता इंजिन थंड ठेवण्यात जाते, आणि जवळपास तेवढीच सायलेन्सरमधून धुराबरोबर हवेत उडून जाते. पैसे देऊन घेतलेलं इंधन असं वाया जाणं ब्युखीला खटकत होतं.

त्याने उपाय काढला तो असा. बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या वाटेत एक पंखा बसवायचा, म्हणजे टर्बाइन. धुराच्या जोरावर तो फिरेल. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा लावायचा, म्हणजे कॉम्प्रेसर. तो बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबेल. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. तीही वाया जाणाऱ्या धुरातून.

१६ नोव्हेंबर १९०५ ला त्याने जर्मनीत याचं पेटंट नोंदवलं. तेव्हा तो फक्त २६ वर्षांचा होता.

कल्पना चोख होती. अडचण एवढीच होती की ती प्रत्यक्षात आणता येत नव्हती.

ब्युखी सुल्झरमध्ये परतला आणि १९११ पासून तिथे प्रयोग सुरू झाले. पण धुराच्या उष्णतेत तासन् तास टिकेल असा धातू त्या काळी मिळत नव्हता. कॉम्प्रेसर इतके ढिसाळ होते की धुरातून मिळालेली बरीच ताकद तेच खाऊन टाकायचे. त्यात जास्त हवा आणि जास्त इंधन म्हणजे इंजिनही जास्त तापणार. ब्युखीने ब्राउन बोव्हेरी या दुसऱ्या स्विस कंपनीचं दार ठोठावलं, पण सुरुवातीला तिथेही दाद मिळाली नाही. मग पहिलं महायुद्ध आलं.

या काळात विमानवाले मात्र या कल्पनेच्या मागे लागले. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिन दमतं. फ्रान्सच्या ऑग्युस्त राटोने विमानासाठी टर्बो बनवला. अमेरिकेत सॅनफर्ड मॉसने १९१८ मध्ये एक विमानाचं इंजिन थेट पाइक्स पीक या जवळपास ४,३०० मीटर उंच डोंगरावर नेलं आणि तिथल्या विरळ हवेत टर्बो लावून चालवून दाखवलं. पण रोज, वर्षानुवर्षं चालणाऱ्या इंजिनावर टर्बो टिकतो हे अजून कुणी सिद्ध केलं नव्हतं.

ब्युखी डिझेल इंजिनांना चिकटून राहिला. त्याने दोन गोष्टी सुधारल्या.

पहिली म्हणजे, इंजिनातून धूर सलग येत नाही, झटक्याझटक्याने येतो. सगळे सिलिंडर एकाच मोठ्या पाइपला जोडले तर ते झटके एकमेकांत मिसळून विरतात. ब्युखीने सिलिंडरचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला वेगळा, बारीक पाइप दिला. त्यामुळे प्रत्येक झटक्याचा जोर टर्बाइनपर्यंत पोचायला लागला.

दुसरी म्हणजे, हवा आत येण्याचा आणि धूर बाहेर जाण्याचा व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडा ठेवायचा. त्या क्षणात ताजी हवा सिलिंडरमधला उरलेला गरम धूर झाडून काढते, आणि सिलिंडर, व्हॉल्व्ह, टर्बाइन सगळ्यांनाच गारवा मिळतो. १९२५ मध्ये त्याने या पद्धतीचं पेटंट घेतलं.

दरम्यान ब्राउन बोव्हेरीचं मत बदललं होतं. १९२४ मध्ये त्यांच्या बाडेनच्या कारखान्यातून पहिला मोठा टर्बोचार्जर बाहेर पडला. त्यानंतर जर्मनीच्या प्रॉयसन आणि हान्झेश्टाट डान्झिग या दोन प्रवासी जहाजांच्या इंजिनांना ब्युखीच्या देखरेखीखाली टर्बो बसवले गेले. १,७५० अश्वशक्तीचं इंजिन २,५०० अश्वशक्ती द्यायला लागलं. म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त वाढ!

पेटंट १९०५ चं, यश १९२५-२६ चं. मध्ये वीस वर्षं गेली होती.

पुढे ब्युखी, ब्राउन बोव्हेरी आणि विंटरथूरचा रेल्वे इंजिनांचा कारखाना यांनी मिळून एक संघ काढला आणि जगभरातल्या इंजिन कंपन्यांना हे तंत्र दिलं. जहाजं झाली, वीज केंद्रं झाली, रेल्वे झाली. १९३८ मध्ये साउरर या स्विस कंपनीने टर्बोवालं ट्रकचं इंजिन आणलं. आपल्याकडे पुणे आणि कल्याणच्या डिझेल शेडमध्ये दिसणारं डब्ल्यूडीएम-२ हे जुनं रेल्वे इंजिनसुद्धा टर्बोवालंच होतं. गाडी सुटताना ते काळ्या धुराचा लोट सोडायचं, कारण टर्बोला वेग धरायला वेळ लागायचा आणि तोवर इंजिनाला हवा कमी पडायची.

आता येऊ ऑइलच्या मुद्द्यावर.

जहाजात जागेची कमी नसते. १९४० च्या दशकात ब्राउन बोव्हेरीने व्हीटीआर नावाचे जे टर्बो आणले, त्यात बेअरिंग दांड्याच्या दोन्ही टोकांना होती आणि त्यांना स्वतःचं वेगळं ऑइल होतं. शिवाय जहाजावर इंजिन रूम असते. तिथे ऑइलची पातळी, दाब आणि तापमान रात्रंदिवस बघायला माणसं नेमलेली असतात.

कारच्या बोनेटखाली ना एवढी जागा, ना अशी माणसं. म्हणून कारच्या टर्बोत बेअरिंग दोन पंख्यांच्या मध्ये बसवतात आणि ऑइल थेट इंजिनातूनच देतात. एका बाजूला पेट्रोल इंजिनात ९०० अंशांच्या पुढे जाणारा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि मध्ये मिनिटाला एक-दोन लाख फेरे घेणारा बोटाएवढा दांडा. तो धातूवर टेकत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. तेच ऑइल त्याला थंडही ठेवतं.

हे ऑइल बाहेर येऊ नये म्हणून रबरी सील लावून चालत नाही, ते जळून जाईल. तिथे पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात. त्यांच्या जोडीला दोन्ही बाजूंचा हवेचा आणि धुराचा दाब ऑइलला मध्येच थोपवतो. काम झालेलं ऑइल स्वतःच्या वजनाने खालच्या पाइपमधून इंजिनात परत जातं.

टर्बो ठणठणीत असूनही ऑइल पिताना दिसतो तो इथेच. परतीचा पाइप जळक्या ऑइलच्या काजळीने तुंबला तर ऑइल साचतं आणि रिंगा ओलांडून बाहेर पडतं. इंजिनाचा ब्रीदर म्हणजे पीसीव्ही चोक झाला, किंवा पिस्टन रिंगा झिजून इंजिनाच्या पोटात दाब वाढला, तरी ऑइल खाली उतरू शकत नाही. एअर फिल्टर धुळीने भरला तर कॉम्प्रेसर हवेऐवजी ऑइल ओढायला लागतो. पुढे हे ऑइल इंजिनात जाऊन जळतं आणि निळा धूर दिसतो. डिझेल गाडीत हे फार झालं तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर भरधाव सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही.

म्हणून नुसता टर्बो बदलून भागत नाही. परतीचा पाइप, ब्रीदर, एअर फिल्टर आणि कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय नवीन टर्बो बसवला, तर मूळ दुखणं तसंच राहतं आणि नवा टर्बोही जुन्याच्या वाटेने जातो. टर्बो गेला असं ऐकलं की या चार गोष्टी बघितल्या का, हे विचारायलाच हवं.

मुळात ही वेळ येऊ नये म्हणून काय करायचं? गाडी सुरू केल्या केल्या रेस करायची नाही, ऑइल टर्बोपर्यंत पोचू द्यायचं. घाट चढून किंवा हायवेवर दामटून आल्यावर लगेच इंजिन बंद करायचं नाही, मिनिटभर तसंच चालू ठेवायचं. नाहीतर ऑइलचा प्रवाह थांबतो, टर्बो लालबुंद असतो आणि आत अडकलेलं ऑइल करपून काजळी होते. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल वापरायचं आणि वेळेवर बदलायचं. आणि महिन्यातून एकदा-दोनदा गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक बघायची. थोडं ऑइल प्रत्येक इंजिन खातं, किती चालतं ते पुस्तकात दिलेलं असतं. आकडा अचानक वाढला तर मात्र ताबडतोब गॅरेज गाठायचं.

ब्युखीचं निधन २७ ऑक्टोबर १९५९ ला विंटरथूरमध्येच झालं. वय ८० वर्षं. त्यानंतर तीन वर्षांनी, १९६२ मध्ये, अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्वेर या टर्बोवाल्या पहिल्या कार बाजारात आल्या. जेटफायरमध्ये इंजिन ठोकू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं खास मिश्रण भरावं लागायचं. अनेक मालक ते भरायलाच विसरायचे, मग टर्बोची ताकद मिळायची नाही आणि तक्रारी यायच्या. १९६३ नंतर हे मॉडेल बंद झालं.

म्हणजे टर्बो जहाजातून कारमध्ये आला, पण इंजिन रूममधली माणसं काही त्याच्याबरोबर आली नाहीत. ती ड्युटी आता गाडीमालकाची. दोन मिनिटांचं काम आहे, बोनेट उघडायचं आणि डिपस्टिक बघायची.